ताकाचा डबा आणि दोन मोटरची गाडी

अपडाऊन करणाऱ्यांच्या गाडीत किस्से कसे साचतात, हे ज्याने अपडाऊन केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. स्टाफरूममध्ये माणूस सांभाळून बोलतो, घरी तर त्याहून सांभाळून. पण नांदेड ते भोकर रस्त्यावर चार माणसं बंद काचांत बसली की कुणाचं काही झाकून राहत नाही. सीटखाली शेंगदाण्याची टरफलं साचतात, तसेच किस्से साचतात. दिवाळीला गाडी धुवायला दिली की टरफलं तेवढी निघून जातात.

आमची गाडी म्हणजे बिराजदार सरांची गाडी. सर इतिहास शिकवतात आणि स्टेअरिंगवर तेच असतात. शेजारी केमिस्ट्रीचे कादरी सर, आमच्यात सगळ्यात सीनियर, म्हणून पुढची सीट त्यांची. मागे ग्रंथपाल जोंधळे सर आणि मी, गजभारे. मी अर्थशास्त्र शिकवते. त्यामुळे कुठलीही खरेदी असो, कुणी विचारायच्या आधी माझं मत तयार असतं.

पुढच्या सीटला मान आहे तशी एक जबाबदारीही आहे. बिराजदार सरांच्या मिसेस, महानंदा वहिनी, रोज आम्हा सगळ्यांसाठी जिरं-हिंग घातलेलं ताक देतात. कडीचा स्टीलचा डबा, झाकण जरा सैल. पुढे बसणाऱ्याने तो डबा भोकरपर्यंत मांडीवर धरायचा, हा गाडीचा कायदा. कादरी सर इतकी वर्षं तो धरत आलेत आणि त्यांच्या हातून कधी थेंब सांडलेला नाही. पण त्यात त्यांचं कौतुक थोडं आणि बिराजदार सरांच्या ड्रायव्हिंगचं जास्त.

कारण बिराजदार सर ओव्हरटेक करत नाहीत. पुढे ट्रक असो, टेम्पो असो, उसाची ट्रॉली असो, सर आपले मागे. ती वळेल तेव्हा आम्ही सुटणार. कॉलेजात अंगठा लावायचं मशीन आलं तेव्हा आमचे हाल सुरू झाले. प्राचार्यांनी काही दिवस ‘उशीर का झाला’ असं विचारून पाहिलं. मग ते सोडलं आणि थेट विचारायला लागले, “बिराजदार, आज पुढं कोण होतं?”

एकदा आम्ही वेळेच्या चांगलं आधी पोचलो. प्राचार्य गेटवरच उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, आम्हाला पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं.

“आज कुणीच नव्हतं का पुढं?”

“होती की सर,” कादरी सर डबा सांभाळत उतरले. “ॲम्ब्युलन्स होती.”

* * *

सर पहिल्यापासून असे नव्हते. उसाच्या दोनेक हंगामांपूर्वी सर आणि वहिनी जुन्या डिझेल गाडीतून उदगीरला निघाले होते. उदगीर वहिनींचं माहेर. लोह्याच्या अलीकडे पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. सरांनी गाडी बाहेर काढली. पहिली ट्रॉली मागे पडली, दुसरीच्या बरोबरीला आले आणि गाडीचा दम संपला. पाय पूर्ण खाली, पण गाडी काही पुढे सरकेना. समोरून बस. मागे येता येईना, पुढे जाता येईना. शेवटी ट्रॅक्टरवाल्यालाच कळलं, त्याने ट्रॅक्टर साइडपट्टीवर उतरवला आणि जागा करून दिली. कुणाला खरचटलंही नाही.

लोह्याच्या बसस्टँडजवळ वहिनी म्हणाल्या, “थांबवा.” सरांना वाटलं, पाणी प्यायचंय. वहिनी उतरल्या, पदर नीट केला आणि समोर लागलेल्या उदगीरच्या एसटीत जाऊन बसल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “तुम्ही या मागून.”

त्या दिवसापासून वहिनी सरांच्या गाडीत बसल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. उदगीरला जायचं म्हटलं की वहिनी एसटीत, बॅगा सरांच्या गाडीत, आणि सर एसटीच्या मागे. अहमदपूरला एसटी थांबली की दोघं कँटीनला चहा पितात, मग पुन्हा आपापल्या गाडीत. आम्हाला हे सगळं सरांनीच सांगितलं, आणि सांगताना हसले. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

एकदा कंडक्टरने वहिनींना हळूच विचारलं, “बाई, ती मागची गाडी तुमच्या ओळखीची हाय का? लोह्यापासून मागं लागलीय.”

“ओळखीची हाय की. नवरा हाय माझा.”

कंडक्टर दचकला. “मग भांडण झालं का?”

“भांडण कामून होईल?” वहिनी म्हणाल्या. “आत्ताच चहा पिलाव की सोबत.”

* * *

यंदा ती डिझेल गाडी मान टाकायला लागली आणि सरांनी जाहीर केलं की आता इलेक्ट्रिक घेणार. आम्हाला आनंद झाला. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही. मग सरांनी हळूच पुढचं सांगितलं. साधं मॉडेल घ्यायचं की परफॉर्मन्स पॅकवालं, हे ठरत नाही म्हणाले.

साध्या मॉडेलला मागे एक मोटर. पॅक घेतला की पुढेही एक मोटर येते, चाकं मोठी होतात, गाडी जरा खाली बसते, ब्रेकला लाल रंग मिळतो आणि स्पोर्ट नावाचं एक बटण येतं. बदल्यात एका चार्जिंगवर जे अंतर जायचं ते कमी होतं.

“सर, तुम्ही?” एवढंच जोंधळे सर म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहायला लागले.

गाडी सरांची, पैसा सरांचा. पण बसणार आम्ही, त्यामुळे मत द्यायचा हक्क आमचा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. कादरी सर म्हणाले, “हा शौक आहे बिराजदार, जरूरत नाही. रेंज कमी झाली तर लातूरहून येताना चाकूरला कुणाच्या घरी वायर लावणार तुम्ही?” जोंधळे सरांना मोठ्या चाकांची काळजी. पातळ टायर, आणि आपले खड्डे काही पातळ नाहीत. मी तर एका वाक्यात निकाल दिला. जो माणूस ट्रॉली ओलांडत नाही, त्याने दुसरी मोटर घेणं म्हणजे न पोहणाऱ्याने पोहायच्या दोन चड्ड्या घेणं.

सगळे हसले. सर हसले नाहीत. बारड मागे पडू दिलं. मग म्हणाले, “मॅडम, मला शंभरच्या वर जायचंच न्हाई. मला चाळीसवरून ऐंशीला जायचंय. आन् तेवढं मागितलं की लगेच मिळावं. मधीच दम संपू नये. बस.”

कादरी सरांनी मांडीवरचा डबा उगाच सरळ केला. सरांना गाडी कशासाठी हवी होती ते आम्हा तिघांनाही कळलं, आणि पुढे रस्ताभर कुणी थट्टा केली नाही.

* * *

जोंधळे सरांचा विरोध मात्र तत्त्वाचा होता. त्यांचं म्हणणं, गाडी खाली बसली तर कॉलेजच्या गेटातला स्पीडब्रेकर पोटाला लागणार. आता हा स्पीडब्रेकर साधा नाही. मागे एका संस्थाचालकाच्या गाडीने गेटात एक बकरी उडवली होती, तेव्हापासून तो दर उन्हाळ्यात वाढतोय.

जोंधळे सर ग्रंथालयातली लांब लोखंडी पट्टी घेऊन भर दुपारी गेटात गेले आणि गुडघ्यावर बसून ब्रेकरची उंची मोजायला लागले. एका हाताने पट्टी उभी धरलेली, दुसऱ्या हाताने डोक्यावर रुमाल.

गेटवरचे शिपाई मामा बराच वेळ पाहत होते. शेवटी उठून जवळ गेले.

“जोंधळे सर, काय करून राहिलात?”

“मोजून राहिलो.”

मामांनी मान हलवली. “ग्रंथालयात जागा न्हाई आधीच. ह्याला कुठं ठेवता?”

ब्रेकर शेवटी गाडीच्या पोटाच्या खालीच भरला, म्हणजे पास झाला. जोंधळे सर निराश झाले. तोंडाने ‘बरं झालं’ म्हणाले, पण पट्टी परत ठेवताना कपाटाचं दार जोरात लावलं.

* * *

परफॉर्मन्सची डेमो गाडी फक्त लातूरच्या शोरूमला होती. एका रविवारी आम्ही चौघं कादरी सरांच्या भाच्याच्या गाडीतून लातूरला गेलो, चालवायला भाचाच होता. दिवसभराचं काम, म्हणून डबे बरोबर होते. ताकही होतं. वहिनींनी स्वतःच भरून दिलं होतं, गाडी बघायला चाललोय हे माहीत असून.

शोरूमचा सेल्समन भला माणूस होता. शर्टात एवढी घडी होती की बसताना मोडेल की काय असं वाटावं. तो म्हणाला, “सर, आधी मी चालवतो. तुम्ही फक्त फील घ्या.” बिराजदार सर मागे माझ्याशेजारी बसले, जोंधळे सर पलीकडे, आणि कादरी सर नेहमीच्या सवयीने पुढे. नेहमीच्या सवयीनेच त्यांनी ताकाचा डबा मांडीवर घेतला. गाडी कुणाची का असेना, पुढची सीट म्हणजे डबा. हे आमच्यापैकी एकालाही विचित्र वाटलं नाही.

बाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर सेल्समनने स्पोर्टचं बटण दाबलं. “सर, आता पाठ सीटला चिकटेल,” म्हणाला आणि पाय दिला.

पाठ चिकटली. माझी मान मागे गेली, जोंधळे सरांचा चष्मा कपाळावर चढला, आणि पुढून एक ओला आवाज आला. जवळजवळ अख्खं ताक कादरी सरांच्या पोटावरून खाली उतरत होतं. पांढऱ्या शर्टावर पांढरं ताक, त्यामुळे पहिल्यांदा कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग जिऱ्याचा वास आला.

सेल्समनने घाबरून गाडी बाजूला घेतली. “सॉरी सर, कशी वाटली गाडी?”

कादरी सरांनी मांडीकडे पाहिलं. “गाडी पास आहे,” ते म्हणाले. “पॅन्ट नापास.”

मग साधं मॉडेल पाहिलं. डब्याच्या तळाशी थोडं ताक उरलं होतं, तेच पुन्हा कादरी सरांच्या मांडीवर. त्यांचं आता काही भिजायचं राहिलं नव्हतं. सेल्समनने तेवढाच पाय दिला. गाडी चांगली पळाली, ताक हललं, पण डब्यातच राहिलं. परतीच्या वाटेवर आम्ही तिघांनी एकमताने निकाल दिला की साधं मॉडेल घ्यावं. बिराजदार सर खिडकीबाहेर पाहत होते. चाकूरच्या पुढे एक ट्रॅक्टर लागला, तो भाच्याने सहज ओलांडला. सरांनी तेवढ्या वेळात समोरच्या सीटची कड घट्ट धरली होती. ते मी पाहिलं.

* * *

मग ठरलं की वहिनींना विचारायचं, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. वहिनी अंगणात धपाट्याचं पीठ मळत होत्या.

“वहिनी, गाडीचं तुमचं काय मत आहे? साधी घ्यावी की ती जोरात पळणारी?”

“कोणती बी घेऊ द्या,” वहिनी म्हणाल्या. “मला एसटी हाय. लेडीजला अर्धं तिकीट हाय तिथं. तुमच्या त्या गाडीत काय अर्धं हाय?”

मी ताकाचा किस्सा सांगितला. वहिनी खूप हसल्या, कादरी सरांची पॅन्ट धुवायला आणून द्या म्हणाल्या. मग पीठ मळता मळता हात थांबला.

“मॅडम, तुमाला सांगते, पण गाडीत बोलू नका. सगळ्यांला वाटतं, मी ट्रॉलीला भेले. ट्रॉलीला न्हाई भेले मी. बस समोर आली तवा मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी स्टेअरिंग धरलं होतं आन् डोळे मिटून घेतले होते.”

मी परात जरा त्यांच्याकडे सरकवली.

“माणूस चांगला हाय,” वहिनी म्हणाल्या. “लई चांगला हाय. पर डोळे मिटले ना त्यांनी.”

ही गोष्ट मी खरंच कुणाला सांगितली नाही. आता सांगतेय, कारण आता सांगायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत सगळ्यांनी विचारलं, वहिनी काय म्हणाल्या? मी म्हटलं, “कोणती बी घ्या म्हणाल्या.” आणि मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, कारण पुढे बिराजदार सर आरशातून माझ्याकडे पाहत होते. दुसरी मोटर घेतली तर गाडीचा दम संपणार नव्हता. डोळ्यांचं काय करायचं, हे कुठल्याही पॅकमध्ये येत नव्हतं.

* * *

बुकिंगला सर एकटेच लातूरला गेले. आम्हाला काही सांगितलं नाही. त्या सेल्समनने मात्र नंतर कादरी सरांना सगळं सांगितलं. पॅन्टच्या प्रकरणापासून त्या दोघांची फोनवर दोस्ती झाली होती.

सर शोरूममध्ये बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “परफॉर्मन्स.”

सेल्समनला आनंद झाला. रंग कोणता, विचारलं. सर म्हणाले, “कुठला बी. पण ते स्पोर्टचं बटण न दाबता चालती ना गाडी?”

“चालते ना सर. नॉर्मल आहे, इको आहे.”

“इको म्हंजे?”

“सगळ्यात हळू सर. रेंज वाढवायला.”

“मग ती इकोत लावूनच द्या.”

सेल्समनने म्हणे पेन खाली ठेवलं. “सर, परफॉर्मन्स घेऊन इकोत चालवणारे कस्टमर तुम्ही पहिलेच.”

“ताकद घरात असावी,” सर म्हणाले. “रोज काढून दाखवायची गरज न्हाई.”

कादरी सरांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही काय काय बोललो ते लिहीत नाही. पण मनातून मला सरांचा निर्णय पटला. माझं मत मी इतक्या सहज बदलत नाही, हे भोकरमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

* * *

गाडी नांदेडला सरांच्या दारात आली त्या दिवशी आम्ही सगळे हजर. वहिनींनी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. सर आत बसले. आता फक्त गाडी पुढे घ्यायची, लिंबं फुटायची, टाळ्या वाजवायच्या.

सरांनी पाय ठेवला. ठेवला म्हणजे कसा, झोपलेल्या माणसाच्या पायाला लागू नये म्हणून आपण ठेवतो तसा. गाडी किंचित हलली, लिंबाला टेकली आणि थांबली. सरांनी पाय काढला. गाडी मागे आली. पुन्हा ठेवला. पुन्हा लिंबापर्यंत आली आणि थांबली.

दोन मोटर, लाल ब्रेक, मोठी चाकं, आणि गाडी लिंबावर अडलेली. गल्लीतली माणसं जमली. जोंधळे सर चाकाशी वाकून लिंबाची उंची पाहायला लागले. कादरी सर म्हणाले, “बिराजदार, धक्का देऊ का?”

वहिनी ओट्यावर ताम्हन घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता. हसत होत्या की काय करत होत्या, मला दिसलं नाही. शेवटी एकदाचं एक लिंबू फुटलं, आणि सर खाली उतरून घाम पुसत म्हणाले, “गाडी लई जोराची हाय.”

* * *

गळीत हंगाम लागला. भोकरच्या रस्त्यावर ट्रॉल्या सुरू झाल्या आणि आम्ही पूर्वीसारखेच त्यांच्या मागे. फरक एवढाच की आता आवाज नव्हता. डिझेल गाडी निदान कुरकुर तरी करायची. आता नुसतं उसाचं पाचट काचेवर उडायचं आणि आतमध्ये आम्ही चौघं गप्प. प्राचार्यांनी नवी गाडी पाहिली, लाल ब्रेक पाहिले, गोल फेरी मारली आणि विचारलं, “बिराजदार, आज पुढं कोण होतं?”

एकदा आम्ही बारडला चहाला थांबलो. एक ट्रॅक्टरवाला चहाचा ग्लास घेऊन आमच्या गाडीकडे आला. कौतुकाने बोनेटवर हात फिरवला.

“सायेब, ही करंटवाली ना? लई पळती म्हणत्यात.”

“हाव,” सर म्हणाले. “दोन मोटर हायत.”

ट्रॅक्टरवाल्याने सरांकडे नीट पाहिलं. “मंग बिघडलीय का? न्हाई, रोज माझ्याच मागं असता, म्हणून इचारलं. माझा एक वायरमन हाय वळखीचा.”

सरांनी त्याच्या चहाचे पैसे दिले आणि वायरमनचा नंबर घेतला. नाही म्हणायला त्यांना अवघड वाटलं.

* * *

आणि मग उदगीर.

वहिनींच्या भाचीचा साखरपुडा होता. आम्हा चौघांनाही आवतण होतं. वहिनी आत्या. ओटी भरायला, साडी नेसवायला आधी आत्याचा हात लागतो, त्यांच्याशिवाय तिकडे काही सुरू होणार नव्हतं. सकाळी आम्ही सरांच्या घरी जमलो. सरांनी बॅगा डिकीत ठेवल्या आणि सवयीने विचारलं, “कितीची एसटी हाय?”

वहिनी ताकाचा डबा घेऊन बाहेर आल्या. पुढच्या दारापाशी थांबल्या. कादरी सर तिथे आधीच हँडलला हात लावून उभे होते.

“कादरी भाऊ, जरा मागं बसता का?”

कादरी सरांनी आम्ही ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा पुढची सीट सोडली. सर किल्ली हातात घेऊन उभेच राहिले. “एसटी?” एवढंच म्हणाले.

“लिंबापुढं थांबणारी गाडी हाय,” वहिनी आत बसत म्हणाल्या. “हिला काय भ्यायचं?”

मागे आम्ही तिघं दाटून बसलो. लोहा मागे पडलं. ते बसस्टँडही गेलं. अहमदपूरला सरांनी विचारलं, चहा? वहिनी म्हणाल्या, नको, उशीर होईल. एकाच गाडीत असताना चहाला थांबायचं तरी कशाला, असं बहुतेक दोघांनाही वाटलं असावं.

शिरूर ताजबंद सोडलं आणि पुढे ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, उसाने गच्च भरलेल्या, वरून लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढी रस्त्याला घासत होती. सर मागे लागले. गाडी इकोमध्ये. आम्ही चालत गेलो असतो तरी चाललं असतं. उदगीरहून वहिनींच्या भावाचा फोन आला, कुठपर्यंत आलात? वहिनी म्हणाल्या, येतोय. थोड्या वेळाने पुन्हा आला. वहिनी पुन्हा म्हणाल्या, येतोय. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यांनी फोन घेतलाच नाही, नुसता उलटा करून मांडीवर ठेवला, ताकाच्या डब्याशेजारी.

सरांच्या मानेवर घाम आला होता. एसी चालू होता. समोरचा रस्ता सरळ होता, लांबपर्यंत मोकळा. जोंधळे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कादरी सरांकडे पाहिलं. कादरी सर तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते.

“जाऊ का?” सर म्हणाले.

वहिनी रस्त्याकडे पाहतच नव्हत्या. सीटवर जरा वळून बसल्या होत्या आणि सरांच्या तोंडाकडे पाहत होत्या. पापणी न हलवता पाहत होत्या.

सरांनी हात पुढे केला आणि स्पोर्टचं बटण दाबलं. गाडी बाहेर काढली. पाय दिला.

पाठ सीटला चिकटली. डाव्या बाजूने ऊस, ऊस, ऊस, मग ट्रॅक्टरचं मोठं चाक, मग मोकळं रान. सरांनी गाडी आपल्या बाजूला घेतली तेव्हा मी आरशात पाहिलं, त्यांचे डोळे उघडे होते. पाठोपाठ गाडीत जिऱ्याचा वास पसरला.

सरांनी वेग कमी केला आणि घाबरून शेजारी पाहिलं. साखरपुड्याची रेशमी साडी, नवी, निऱ्यांवरून ताक ओघळत होतं. रिकामा डबा आडवा झाला होता.

“अगं, साडी,” सर म्हणाले. “थांबवू का?”

वहिनींनी डबा सरळ केला. रुमालाने हात पुसले, मग निऱ्या झटकल्या. सरांच्या तोंडावरची नजर पहिल्यांदा काढून त्यांनी समोर पाहिलं.

“थांबू नका,” त्या म्हणाल्या. “पुढं अजून एक ट्रॉली हाय.”